पट्टी म्हणजे जाळी, हे आम्हाला आधी सांगा

महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि युरॉलॉजिस्ट डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली. २०१६ साली लघवी सुटण्यावर माझं स्लिंगचं, म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसवायचं, ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं वाचून ही बाई ऑपरेशनच्या विरोधात आहे असा समज व्हायला नको. तुम्हा लोकांच्या हातून माझं आयुष्य सुधारलं आहे.

धाकट्याच्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला होता. त्यानंतर खोकला आला की थेंब दोन थेंब जायचे. चाळिशीनंतर ते वाढलं. परिपाठाला ‘सावधान’ म्हणून पाय जुळवले तरी कपडे ओले व्हायचे. मी सकाळी दहापासून पाचपर्यंत पाणी पीत नसे. गडद रंगाच्याच साड्या घ्यायची, आत जुन्या धोतराची घडी, पर्समध्ये दुसरी घडी. लग्नघरी सतरंजीवर बसायचं टाळायची. एसटीत शेजारी कोणी बसलं की अंग चोरायची. आणि वर्गातली पोरं वही दाखवायला जवळ आली की मी एक पाऊल मागे सरकायची. पहिलीची पोरं ती, बाईंना बिलगायचं वय. ते मागे सरकणं मला अजून टोचतं.

वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी तपासलं, खोकायला लावलं, आणि म्हणाले, “मावशी, एक छोटीशी पट्टी बसवायची. दुसऱ्या दिवशी घरी.” मी होकार दिला. इंग्रजी कागदावर पेन्सिलीने फुली मारली होती तिथे सही केली. दोन महिन्यांनी सज्जनगडाच्या पायऱ्या चढले आणि वर पोहोचेपर्यंत कोरडी होते. समाधीसमोर उभी राहून रडले.

मग मी माझ्या धाकट्या जावेला नेलं. मीच नेलं, तिच्या मागे लागून. ती शेतातली बाई, गवताचे भारे डोक्यावर, तिलाही तोच त्रास. २०१८ मध्ये तिचं ऑपरेशन झालं, माझ्यापेक्षा वेगळ्या दवाखान्यात. तिलाही तिथे तेच सांगितलं, पट्टी बसवू. वर्षभर ती खुशीत होती. नंतर भांगलायला बसली की जांघेत कळ यायला लागली. मग पांढरं जाऊ लागलं, कधी गुलाबी डाग. तिने तीन ठिकाणी दाखवलं. गोळ्या मिळाल्या, मलम मिळालं, “पाळी गेली की असं होतं” हे उत्तर मिळालं. दोन वर्षांनी एका रात्री चुलीपाशी खाली मान घालून ती मला म्हणाली, “आक्का, ह्यांना टोचतंय.” आणखी काही बोलली नाही. त्या तीन शब्दांना तिला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी नीट उजेडात तपासलं आणि सांगितलं, “जाळी बाहेर आली आहे.” जाऊ त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “कसली जाळी? मला तर पट्टी घातली होती.”

जाळी हा शब्द आम्हाला माहीत आहे. गावात हर्नियाचं ऑपरेशन झालेले दहा जण सापडतील, ते म्हणतात, “जाळी बसवली.” जाळी म्हटलं की काहीतरी कायमचं आत राहिलं हे अडाणी माणसालाही कळतं. पट्टी म्हटलं की डोळ्यांसमोर येते मलमपट्टी, जी चार दिवसांनी निघते. तुमच्यापैकी कुणी मुद्दाम फसवण्यासाठी हा शब्द वापरत असेल असं मी म्हणत नाही. बाई घाबरू नये म्हणून वापरत असाल. पण त्या एका शब्दामुळे माझ्या जावेने दोन वर्षं आपल्या दुखण्याचा संबंध त्या ऑपरेशनशी जोडलाच नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरांना सांगताना “पट्टी घातली होती” हेही सांगितलं नाही. पट्टी तर केव्हाच निघाली असणार, असं ती धरून चालली होती.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं की टेप, म्हणजे ती जाळीची पट्टी, कुठल्या वाटेने घातली होती, जांघेतून की ओटीपोटाकडून, आणि कोणत्या कंपनीची होती. डिस्चार्ज कार्डावर एवढंच होतं : ‘स्लिंग केली’. त्या जुन्या दवाखान्यात गेलो तर कळलं की इतक्या मागच्या फायली आता नाहीत. मी भांडायला निघाले होते, पण माझी मुलगी फार्मासिस्ट आहे, तिने थांबवलं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचे. म्हणजे त्या दवाखान्याने नियम मोडला नव्हता. जाळी जन्मभराची आणि कागद तीन वर्षांचा, असा हिशेब आहे हा.

माझ्या पत्रातली मुख्य मागणी इथेच आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. २०१८ मध्ये आमच्या यजमानांच्या हृदयात स्टेंट बसवला. बिलावर स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर, किंमत, सगळं वेगळं लिहिलेलं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने स्टेंटच्या दरावर मर्यादा घातली, तेव्हाच बिलात हे तपशील लिहिणं बंधनकारक केलं. तो कागद आमच्या कपाटात रेशनकार्डाबरोबर आहे. माझ्या अंगात काय आहे याचा मात्र एकही कागद त्या कपाटात नाही. माझ्या जांघेत दोन्ही बाजूंना बारीक व्रण आहेत, त्यावरून मी ओळखलं की माझी टेप जांघेच्या वाटेने गेली असावी. एका शिक्षिकेने स्वतःच्या शरीरातली वस्तू व्रण चाचपून ओळखायची?

तुम्ही वापरता त्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात, त्यांवर नाव, कंपनी, लॉट नंबर छापलेला असतो. एक केसपेपरवर लागते. दुसरी आमच्या हातात द्या. साधं पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर ती चिकटवा, खाली तारीख, कुठल्या वाटेने घातली ते, आणि तुमचं नाव. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत जवळपास हेच डॉक्टरांना सांगितलेलं आहे. सरकारचा आदेश निघायची वाट कशाला बघायची?

आता ऑपरेशनबद्दल. मुलीने मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. खोकताना मूत्रमार्गाला खालून आधार मिळत नाही म्हणून लघवी सुटते. स्वीडनमधल्या उप्सालाचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी हा आधार मूत्रमार्गाच्या मध्याशी द्यायचा विचार मांडला. १९९६ साली उल्मस्टेन यांनी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची अरुंद टेप सैल ठेवून बसवायची पद्धत प्रसिद्ध केली. टेप जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. पूर्वी ज्यासाठी पोट उघडावं लागायचं ते अर्ध्या तासावर आलं. २००१ मध्ये फ्रान्सच्या डेलॉर्म यांनी जांघेतून जायची वाट काढली, त्यात मूत्राशयाला सुई लागायची भीती कमी झाली, पण जांघ दुखण्याची वाढली. जाळीच्या छिद्रांतून आपलं मांस वाढतं आणि ती धरून बसते. तिचा गुण तोच, आणि काढायची वेळ आली की अडचणही तीच. सिमेंटमधून सळई काढण्यासारखं, असं मुलगी म्हणाली. मला ते ऐकवेना.

बहुतेक बायकांना याचा फायदा होतो, मीच त्याचा पुरावा. पण ज्या थोड्या बायकांना होत नाही त्यांचं काय झालं हे जगभर बायकांनीच लढून बाहेर आणलं. स्कॉटलंडने जून २०१४ मध्ये असल्या जाळ्या बसवणं थांबवायला सांगितलं. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये थांबवलं, आणि बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. दुखतंय म्हणणाऱ्या बायकांवर वर्षानुवर्षं कुणी विश्वास ठेवला नव्हता, हे त्यात स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयाच्या न्यायमूर्ती ॲना कॅट्झमन यांनी जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपन्यांवर धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याचा ठपका ठेवला. हे वाचून काही बायका मला फोनवर विचारतात, म्हणजे आता हे ऑपरेशन बंद झालं का? अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये विक्री बंद केली ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळ्यांची. लघवी सुटण्यावरची अरुंद टेप त्यात नव्हती. हा फरक तुम्ही सांगायला हवा, मी फोनवर किती जणींना सांगणार?

मला बंदी नको आहे. बंदी आली असती तर मी सज्जनगड चढले नसते. मला निवड हवी आहे, आणि ती करता येईल इतकी माहिती.

निवड म्हटलं की तुम्ही म्हणाल, गावाकडच्या बाईपुढे निवड कुठली. आहे. स्लिंग हा शब्द मुंबईला नवा नाही. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे, यांनी तरुण बायकांची गर्भपिशवी खाली उतरू नये म्हणून स्लिंगची ऑपरेशनं बसवली. पुरंदरे तर पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाचीच पट्टी वापरत. ती पिशवीसाठी होती, लघवीसाठी नाही, हे मला ठाऊक आहे. पण लघवीसाठीही शरीरातल्याच आवरणाची पट्टी घेऊन स्लिंग करता येते, आणि १९७८ पासून अमेरिकेतल्या डॉ. मॅक्ग्वायर यांच्या पद्धतीने ती जगभर होते. तिला जखम मोठी, बरं व्हायला वेळ जास्त, काहींना नंतर लघवी करायला जोर लावावा लागतो. अमेरिकेत ६५५ बायकांवर झालेल्या अभ्यासात, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, खोकताना लघवी सुटणं दोन वर्षांनी थांबलेल्यांचं प्रमाण या स्लिंगमध्ये ६६ टक्के होतं आणि टाके घालून वर उचलण्याच्या जुन्या बर्च ऑपरेशनमध्ये ४९ टक्के. म्हणजे प्लास्टिक नको असेल तर वाट आहे. नाइसच्या मार्गदर्शिकेत या दोन्ही आणि ओटीपोटाकडून जाणारी टेप, अशा तिन्ही शक्यता बाईपुढे ठेवायला सांगितलं आहे, आणि जांघेतली वाट खास कारण असल्याशिवाय देऊ नका असंही. तुम्हाला यातलं एखादं ऑपरेशन येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. “मला हे येत नाही, पुण्याला अमुक ठिकाणी होतं” एवढं म्हणा. आम्ही एसटीने जाऊ. मुलांच्या परीक्षांना जातो, लग्नांना जातो, याला का नाही जाणार?

आणि ऑपरेशनच्या आधी व्यायाम. मला व्यायाम सांगितला होता, पण कसा सांगितला? “लघवी थांबवल्यासारखं आत ओढायचं, रोज करा,” आणि पुढचा पेशंट आत आला. मी चार दिवस पोट आत ओढलं, चुकीचा स्नायू. तज्ज्ञ देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम करून घेणं ही पहिली पायरी मानतात. आमच्या तालुक्यात फिजिओथेरपिस्ट मुली आहेत, गुडघे आणि कंबर पाहतात. त्यांच्याकडे चिठ्ठी द्या. त्यांना हे काम नवीन असेल तर तुम्ही शिकवा. व्यायामाने सगळ्यांचं भागत नाही हेही मी वाचलं आहे. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या अभ्यासात ज्यांना त्रास बऱ्यापैकी होता अशा बायका घेतल्या होत्या. वर्षभराने फरक वाटला असं ऑपरेशनच्या गटात सुमारे ९१ टक्के बायका म्हणाल्या, व्यायामाच्या गटात ६४ टक्के, आणि व्यायामाच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या बायका शेवटी ऑपरेशनकडे गेल्या. हे आकडे जसेच्या तसे बाईला सांगा. काही जणी म्हणतील मला शंभरातली ती एक्याण्णव व्हायचंय, काही म्हणतील आधी तीन महिने प्रयत्न करते. दोघी बरोबर असतील. माझ्या जावेला मी हे आकडे आज वाचून दाखवले तर ती म्हणाली, “मी आधी व्यायाम केला असता गं.” तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

घाईची लघवी असेल, म्हणजे नळाचा आवाज ऐकला की धावावं लागतं अशी, तर या ऑपरेशनचा उपयोग नाही. गर्भपिशवी काढून तर लघवी सुटायची थांबत नाही. तरीही “एकदा पिशवी काढून टाकली की सगळं मिटेल” हे वाक्य आमच्याकडे घराघरात ऐकू येतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं २०१९ मध्ये जे बाहेर आलं त्यानंतर तरी हे वाक्य कोणा डॉक्टरच्या तोंडी यायला नको.

कायद्याचं तुम्हाला मी काय सांगणार. तरी सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल तुमच्याच विषयातला आहे. फक्त दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून सही केलेल्या एका अविवाहित बाईची पिशवी आणि अंडाशय ती भुलीखाली असताना आईच्या संमतीवर काढले होते. न्यायालयाने तेव्हा लिहिलं की उपचार काय, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, न केल्यास काय होईल, हे कळेल इतकं सांगितल्याशिवाय दिलेली संमती खरी नव्हे. कळेल इतकं. इंग्रजी कागदावर पेन्सिलीची फुली मारून ते कळत नाही. जिच्या शरीरात टोचतंय तिला ‘मेश एक्स्पोजर’ (जाळी बाहेर येणं) हा शब्द ओळखू येणार नाही, पण “पुढे कधी नवऱ्याला टोचलं, डाग दिसला, बसताना जांघ दुखली तर लाजू नका, थेट माझ्याकडे या, ही जाळीची खूण असू शकते” हे वाक्य ती जन्मभर विसरणार नाही. माझ्या जावेला हे एक वाक्य मिळालं असतं तर दोन वर्षं वाचली असती. बाहेर आलेली जाळी लवकर सापडली तर पुष्कळदा थोडक्यात आवरतं, हे पुण्याच्या डॉक्टरबाईंनीच आम्हाला सांगितलं.

अशा वेळी वर कळवायचीही सोय आपल्या देशात आहे. शरीरात बसवायच्या वस्तूंमुळे झालेला त्रास नोंदवण्यासाठी जुलै २०१५ मध्ये केंद्राने कार्यक्रम सुरू केला, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम आहे. माझी जाऊ तीन दवाखान्यांतून फिरली, कुणी असा फॉर्म भरताना आम्ही पाहिलं नाही. तो भरा. तुमच्यावर ठपका ठेवायला नाही, साताऱ्यात एक आणि सांगलीत एक असं वेगवेगळं दुखणारं एका ठिकाणी दिसावं म्हणून.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास जगापुढे ठेवला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. तेव्हापासून दवाखाने वाढले, रस्ते झाले, आशाताई दारात येते. पण लघवी सुटते हे सांगायला बाई अजून वीस वर्षं घेते. ती ज्या दिवशी तुमच्यासमोर बसून सांगते त्या दिवशी तिने तिची सगळी लाज खर्च केलेली असते. त्यानंतर तिला पुन्हा ते धैर्य करायला लावू नका, पहिल्याच वेळी सगळं सांगा.

मी शिक्षिका आहे, तक्रार करून गप्प बसायची सवय नाही. एका पानावर मी मराठीत माहिती लिहून ठेवली आहे. जाळी कशाची, कुठून जाते, काढता येते का, व्यायाम कोणाकडे शिकायचा, जाळीशिवाय दुसरं ऑपरेशन कोणतं, लघवी अडकली तर काय, पुढे कोणती खूण दिसली तर यायचं. अक्षर मोठं ठेवलं आहे, चौथी शिकलेल्या बाईला वाचता येईल असं. जिला वाचता येत नाही तिला नर्सताईंनी वाचून दाखवावं म्हणून वाक्यं लहान आहेत. खाली त्या कार्डासाठी चौकट आखली आहे. वैद्यकीय चूक असेल तर तुम्ही तपासा, लाल शाईने दुरुस्त करा, परत पाठवा, मी नव्याने लिहीन. तुमच्या जिल्ह्याच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीला बोलावलंत तर पान घेऊन येईन. जाऊही येईन म्हणते आहे. पुढच्या महिन्यात तिचं जाळी काढायचं ऑपरेशन आहे, ते झालं की.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जिल्हा सातारा